दोन डोसांमधले अंतर कायम करणे व व्याह्यांना पिवळ्या रेषेच्या अलीकडे आणणे याबाबत

प्रति,
मा. लसीकरण अधिकारी साहेब,
आरोग्य कार्यालय, तळमजला,
जिन्याखालची खोली (पाटी पडलेली आहे, खिळा आहे).

अर्जदार : धुलाई केंद्राची मालकीण, राहणार सध्या केंद्राच्या दाराजवळच्या खोलीत, गाठोड्यांशेजारी.

विषय : माझ्या व्याह्यांचे वागणे आणि त्या वागण्याला आपल्या फळ्यामुळे मिळणारे बळ.

संदर्भ : १) आपल्या दाराबाहेरचा फळा, पाच वेळा पुसून लिहिलेला.
२) आपल्या नर्सबाईंचे तोंडी उत्तर, "पुढच्या महिन्यात बघू, आजी."

महोदय,

१. अर्ज करण्यास कारण की, माझे व्याही, म्हणजे माझ्या सुनेचे वडील, निवृत्त गणित शिक्षक, हे रोज सकाळी माझ्या घराच्या जिन्यात सगळ्यात वरच्या पायरीवर बसतात, माझ्या नातीला मांडीवर घेतात, आणि खाली उभी असलेल्या मला आठवड्यांचा हिशेब ऐकवतात. जिना माझा. पायरी माझ्या यजमानांनी हयातीत स्वतः बसवलेली. नात तर माझीच. त्या बसण्यात त्यांचं म्हणून काही असेल तर ते धोतर, आणि तेही मीच धुते. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं असं म्हणतात. आमच्याकडे घोडं धाडलं नाही, व्याही स्वतः आले. घोडं निदान जिना चढलं नसतं.

२. साहेबांना आमच्या जागेची मांडणी ठाऊक नाही, ती सांगितल्याशिवाय माझी तक्रार वेड्यासारखी वाटेल. केंद्र खाली आहे, राहतं घर वर. केंद्राच्या फरशीवर मधोमध एक पिवळी रेषा आहे. दाराकडची बाजू मळक्या कपड्यांची. तिथे गाठोडी उतरतात, सुटतात, निवडली जातात, यंत्रात जातात. पलीकडची बाजू स्वच्छ कपड्यांची. तिथे वाळवण, इस्त्री, घडी. आम्ही रुग्णालयाच्या चादरी धुतो, त्यामुळे ही रेषा शोभेची नाही. कपडा दोन पाण्यांतून निघाल्याशिवाय रेषा ओलांडत नाही. ही रेषा मी ओढली, दरवर्षी मीच रंगवते, आणि एकदा खुद्द रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी चुकून तिच्यावर पाय दिला तेव्हा त्यांना मी बूट काढायला लावले होते. त्यांनी काढले. वर जायचा जिना स्वच्छ बाजूला आहे, हे कृपया ध्यानात ठेवावे.

३. साथीच्या ऐन भरात सून बाळंत झाली आणि बाळाला घेऊन घरी आली. तिच्यासोबत तिचे वडील आठ दिवसांसाठी म्हणून आले, एक पिशवी घेऊन. त्यांच्या पत्नी जाऊन दोन वर्षं झाली, घरी ते आणि भिंतीवरचं घड्याळ एवढंच असतं, म्हणून मीच म्हटलं होतं की या. बाळ दारातून आत आलं तेव्हा सगळे कामगार हातातलं काम टाकून उभे होते. मी हात धुऊन, पदर खोचून बाळ घ्यायला पुढे झाले, आणि व्याह्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "विहीणबाई, ती रेषेची काय पद्धत आहे हो तुमची?" माझ्या रेषेबद्दल कुणी विचारलं की मला सांगावंसं वाटतं. मी सांगितलं, दोन पाण्यांशिवाय काही पलीकडे जात नाही. ते म्हणाले, "आणि माणूस?" आता सगळे कामगार बघत आहेत, सून बघत आहे, मुलगा बघत आहे. मी म्हटलं, "माणसाला काय शिंगं असतात? माणसालाही तोच नियम." ते म्हणाले, "मग दोन डोसांशिवाय बाळाला हात नको म्हणायचा. बरोबर आहे तुमचं."

माझं बरोबर आहे म्हणून सांगणाऱ्या माणसापासून देवाने सगळ्यांना वाचवावं.

४. त्या दिवशी व्याह्यांचे दोन्ही डोस झालेले होते, कारण निवृत्त शिक्षक म्हणून ते आपल्याच लसीकरण केंद्रावर नावं लिहायला बसत. माझ्या मुलाचेही झालेले होते, कारण तो रुग्णालयात चादरी पोचवतो. सुनेचे झाले होते. इस्त्रीवाल्या दोघींचे झाले होते, आणि हे त्या मला रोज काही न बोलता सांगतात. माझा एकही झाला नव्हता. कारण पहिल्या फेरीत मी आले होते तेव्हा आपल्या माणसाने मला सगळ्या रांगेसमोर वय विचारलं. विचारायला हरकत नाही, पण विचारायची एक रीत असते. मी त्याला म्हटलं, "आधी तुझं सांग." त्याने सांगितलं. मी म्हटलं, "त्याच्याहून जास्त." त्याने लिहून घेतलं नाही. मी परत आले. यात चूक कुणाची हे साहेबांनी ठरवावं, मी ठरवलेलं आहे.

५. बाळ आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी येऊन वय सांगितलं आणि पहिला डोस घेतला. नर्सबाई म्हणाल्या, "चार आठवड्यांनी या, आजी." चार आठवडे काय, माझ्या यजमानांच्या आजारपणात मी त्याहून जास्त एका खुर्चीवर काढले आहेत. मी दाराजवळच्या खोलीत खाट टाकली. तेव्हापासून मी रेषेच्या अलीकडे राहते, अलीकडे जेवते, आणि पलीकडे चादरींच्या घड्या वाकड्या पडत आहेत हे डोळ्यांनी बघून इकडून ओरडते. ओरडण्याने घडी सरळ होत नाही. रुग्णालयाने अजून काही म्हटलेलं नाही, ही त्यांची मेहेरबानी.

नात मला तिच्या कपड्यांवरून माहीत आहे. झबली, दुपटी, लंगोट बादलीत घालून दोरीने खाली सोडतात, आणि ती मी यंत्रात टाकू देत नाही, हाताने धुते. दूध बाहेर टाकते का, कोणत्या कुशीवर झोपते, लाळ कधी गळायला लागली, हे सगळं मला वरच्या लोकांच्या आधी कळलं. झबल्याच्या बंदांची गाठ पूर्वी टोकाच्या फार आत बसायची, आता टोकाजवळ येऊन बसते. म्हणजे पोर भरली आहे. पण साहेब, धुतलेल्या कपड्यावरून मूल ओळखणं म्हणजे पाकिटावरून पत्र वाचणं आहे. आपल्याकडे सगळे मला "आजी, आजी" करतात. आजी व्हायला मांडीवर काहीतरी लागतं.

६. चार आठवडे झाले तशी मी सकाळीच आले. फळ्यावर सहा लिहिलेलं होतं. सहा झाले तेव्हा आठ. आठ झाले तेव्हा बारा. बारा झाले त्या दिवशी फळा कोरा होता आणि त्याच्याखाली आपला शिपाई ओलं फडकं घेऊन उभा होता. मी विचारलं, काय लिहिणार? तो म्हणाला, "मलाही आतून सांगतील तेव्हा कळेल, आजी." त्याच्यावर माझा राग नाही, फडक्याला पीळ नीट दिला नव्हता एवढंच.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला दिलेली तारीख म्हणजे तारीख. माझे यजमान गेले त्या दिवशीही ज्यांचे कपडे द्यायचे होते त्यांना मिळाले, वेळेवर आणि घडी घालून. आणि इथे सरकारी खडू, रोज वेगळा बोलतो.

मी नर्सबाईंना कारण विचारलं. बाई चांगल्या आहेत, त्यांनी स्टूल दिलं आणि समजावलं. म्हणाल्या, डोस कमी आहेत, अंतर लांबवलं तर जास्त लोकांना पहिला तरी मिळतो. मी म्हटलं, हे मला पटतं, घरात दूध कमी असलं की आधी सगळ्यांना अर्धा पेला. मग त्या म्हणाल्या, "शिवाय अभ्यासात असंही दिसतंय की अंतर लांबलं तर फायदा जास्त होतो." मी विचारलं, बाई, साठा कमी झाला आणि फायदा जास्त दिसला, हे दोन्ही एकाच आठवड्यात कसं कळलं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही सभेला या." साठा कमी आहे असं लिहून लावा, मी गुपचूप घरी जाईन. पण माझ्या भल्यासाठी मला थांबवलंय असं कुणी सांगितलं की मी आधी कमरेची किल्ली चाचपते.

७. आता व्याह्यांकडे वळते. आपला फळा बदलला की ही बातमी माझ्या आधी त्यांच्याकडे जाते, कारण आपला शिपाई त्यांचा जुना विद्यार्थी आहे. मग ते वरच्या पायरीवरून सांगतात, "विहीणबाई, अभिनंदन, आता तुमचा डोस आणखी चांगला लागणार." त्यांचं म्हणणं असं की चारपेक्षा आठ बरे, आठपेक्षा बारा बरे, म्हणजे जितकं लांब तितकं उत्तम. मी विचारलं, मग मुळीच घेतला नाही तर सगळ्यात उत्तम का? ते म्हणाले, "तो अंतिम बिंदू झाला, तिथपर्यंत आपण जायचं नाही, पण दिशा तीच." यांच्या हाताखालून शाळेतून सुटलेल्या पोरांची मला कीव येते.

बरं, त्यांचे स्वतःचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने झालेले आहेत. त्यांच्याच हिशेबाने पाहिलं तर ते कच्चे. कच्च्या माणसाने बाळ घ्यायचं आणि मी पक्की होण्यासाठी खाली उभं राहायचं. हे मी त्यांना सुनावलं तर म्हणाले, "त्या वेळचा नियम तोच होता, मी नियमाने वागलो." सून मध्ये पडली, "बाबा, आता पुरे." आणि मला म्हणाली, "आई, तुम्हीच म्हणाला होतात ना माणसालाही तोच नियम? मी काय करू, तुम्ही या वर, मी देते तुमच्याकडे." सून वाईट नाही. पण खाली कामगार, पलीकडे इस्त्रीवाल्या. मी आज रेषा मोडली तर उद्या मळकी चादर पलीकडे जाईल आणि कुणाला काही म्हणायला मला तोंड राहणार नाही. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "आई, जरा धीर धर." हा मुलगा जन्मला तेव्हापासून मी धीरच धरते आहे.

आणखी एक गोष्ट नमूद करते, कारण त्यावरून या गृहस्थांची वृत्ती कळेल. मुलगा सांगतो, माझी तारीख जवळ आली की त्यांचं जेवण तुटतं. बोलत नाहीत. पिशवी काढून तिच्यात कपडे भरतात, परत काढतात. आणि फळ्यावर तारीख पुढे गेली की सकाळी गुळगुळीत दाढी करून, गुणगुणत, दोन वेळा वाढून घेतात. असा माणूस मी पाहिला नाही. माझं वाईट झालं की याला भूक लागते. रस्ते उघडून महिना होऊन गेला. मी एकदा सुनेजवळ त्यांच्या परत जाण्याचा विषय काढला, तर उत्तर वरून त्यांनीच दिलं, "विहीणबाईंना दुसरा डोस मिळेपर्यंत मुलीच्या हाताखाली कुणीतरी नको का? तुम्ही वर आलात की मी मोकळा."

८. आता सभा. गेल्या आठवड्यात आपण लसीकरण केंद्राच्या दालनात नागरिकांचा विचारविनिमय ठेवलात. तज्ज्ञांचं एकमत होत नाही, तेव्हा जनतेचंही ऐकावं, असं आपण म्हणालात. यात साहेबांचा मोठेपणा आहे, पण जनता आणि ऐकणं यांचा आपल्याला अनुभव कमी दिसतो.

त्या दिवशी मी सगळ्यात पुढे होते. खुर्चीवर बसले होते, बाही वर होती, नर्सबाईंनी बाटली उघडलेली होती, सुई हातात होती. आपण दारातून म्हणालात, "आजींचं थांबवा, आज अंतर ठरणारच आहे, मग एकदाच नियमाने देऊ." मी बाही वर ठेवून बसून राहिले आणि सभा सुरू झाली.

रंगारी उठला. म्हणाला, भिंतीला पहिला हात दिला, वाळला, की दुसरा. एका रात्रीचं काम आहे, यात कसला विचार. गवंडी म्हणाला, रंगाचं सोड, प्लास्टरला तीन आठवडे पाणी मारावं लागतं, नाहीतर भेगा. बेकरीवाला म्हणाला, पीठ एकदा फुगलं, दाबलं, की दोन तासांत पुन्हा फुगतं, पण माणूस पिठापेक्षा आळशी, दोन आठवडे धरा. न्हावी म्हणाला महिना. का, तर लोक त्याच्याकडे महिन्यानेच येतात, तेव्हा तो आठवण करून देईल. शिंपी म्हणाला, "तीन आठवडे सांगा आणि सहाव्याला द्या, लोक येतातच." हा एकटा माणूस मला आपल्या कार्यालयात नोकरीला शोभला असता. दातांचे डॉक्टर म्हणाले, कशालाही सहा महिने, दर सहा महिन्यांनी या. मी उठून म्हटलं, दुसरं पाणी पहिल्या पाण्याची ओल असतानाच द्यावं लागतं, एकदा साबण सुकून बसला की मग दगडावर आपटा, निघत नाही, तेव्हा तासाभरात द्या. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, दंड म्हणजे चादर नाही." हे मला पटलं नाही, पण वाक्य चांगलं होतं म्हणून इथे लिहिलं.

शेवटी रोपवाटिकेचा मालक उठला. तो कधी बोलत नाही. म्हणाला, "कलम लावलं की पहिलं फळ पाच वर्षांनी धरावं. आधी धरलं तर झाड खचतं." आणि बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते वाजवणाऱ्यांना विचारा, बहुतेक तो बोलला म्हणूनच.

९. यावर आपण म्हणालात की सगळ्यांचं मत आलं, आता मध्य काढू. आणि दालनात गणित येणारा माणूस कोण, तर माझे व्याही. ते दालनातल्या फळ्याशी गेले. त्यांनी रंगाऱ्याची रात्र, गवंड्याचं पाणी, बेकरीवाल्याचं पीठ, माझा तास आणि त्या रोपवाल्याची पाच वर्षं एकाखाली एक मांडली, बेरीज केली, आठ माणसांनी भागलं, आणि उत्तर आलं साडेआठ महिने. आपल्या लेखनिकाने लगेच दाराबाहेर खडूने लिहिलं, साडेआठ महिने, कंसात तात्पुरते.

बेकरीवाला मागून ओरडला, "मास्तर, एकटा रोपवाला काढा, सहा आठवड्यांवर येतंय." हे त्याचं खरं होतं. माझे सहा कधीच उलटून गेले होते, सुई तीन हातांवर होती. व्याही खडू झटकत म्हणाले, "एकाला वगळलं तर ती सरासरी राहत नाही. अंकगणितात भावना चालत नाहीत." रोपवाल्याने मान डोलावली. त्याला वाटलं त्याचा सत्कार चालला आहे.

मग वाद पेटला. रंगारी आणि गवंडी यांची तर जुनीच खुन्नस, एकमेकांच्या भिंती उघड्या पाडून झाल्या. आपणही टेबलावर हात आपटत होतात. दुपार झाली. तेवढ्यात नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, बाटली उघडल्याची वेळ संपली, ही आता वापरता येत नाही. दहा माणसांची बाटली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली, आणि माझी बाही त्यांनीच हळूच खाली केली. दोन डोसांमधलं उत्तम अंतर कोणतं यावर आपण इतकी छान चर्चा केलीत की दहा माणसांचा डोस त्या अंतरात वाया गेला. दुसऱ्या दिवशी आपण साडेआठ महिने पुसून "विचाराधीन" असं लिहिलंत. साडेआठ महिन्यांना निदान शेवट होता. विचाराधीनला तोही नाही.

साहेब, मूल तोवर रांगायला लागेल. ते आपलं आपण खाली येईल, रेषा ओलांडून गाठोड्यांत येऊन बसेल, आणि मी त्याला उचलू शकणार नाही, कारण माझा नियम. त्या दिवशी मी काय करायचं, हेही फळ्यावर लिहून ठेवावे.

१०. सबब विनंती की,

(१) दोन डोसांमधलं अंतर काय ते एकदा ठरवावे. चार ठरवा, बारा ठरवा, मला शास्त्रातलं कळत नाही आणि मी भांडणार नाही. पण लिहाल ते खडूने लिहू नका.

(२) हे अंतर ठरवताना ज्याने इंजेक्शन देण्याचं शिक्षण घेतलं आहे त्याला विचारावे. भिंत, पीठ, दात, झाड आणि चादर यांना विचारू नये. चादर मी स्वतःहून वगळते आहे, याची नोंद घ्यावी. चर्चा करायचीच तर आधी टोचावे आणि मग करावी, बाटली उघडी ठेवून करू नये.

(३) अंतर जितकं लांब तितकं उत्तम असंच आपलं मत पडत असेल, तर चार आठवड्यांवाले सगळे अपुरे धरावेत, आणि माझ्या व्याह्यांना लेखी हुकूम द्यावा की त्यांनी बाळ खाली ठेवून, जिना उतरून, रेषेच्या अलीकडे येऊन उभे राहावे. मी त्यांना जागा करून देईन. रुग्णालयाच्या गाठोड्यांशेजारी एक खाट मावते.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढची अक्षरं गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवरून शिकले. त्यामुळे कुठे काना-मात्रा चुकली असेल तर चालवून घ्यावी, पण मुद्दा चुकला असं वाटलं तर तसं वाटून घेऊ नये.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
धुलाई केंद्राची मालकीण

दिनांक : आजचा. आपल्याकडे बदलला असल्यास आपल्याकडचा.

सोबत :
१) पहिल्या डोसचा कागद. धुतला गेल्यामुळे फिकट आहे, पण इस्त्री केलेला आहे.
२) झबलं एक, बंद बांधून गाठ कुठे बसते ते दिसेल असं. पाहून परत करावे, पोरीला लागतं.

ता. क. : ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याला ती ऐकवल्याशिवाय मी धाडत नाही, पाठीमागे बोलण्याची मला सवय नाही. म्हणून अर्ज घेऊन मी रेषेपाशी गेले आणि व्याह्यांना हाक मारली. ते बाळाला घेऊन जिना उतरून आले आणि पलीकडे उभे राहिले. मी पहिल्या शब्दापासून वाचलं. धोतराचं आलं, घोड्याचं आलं, पिशवीचं आणि दाढीचं आलं, ते बाळाला थोपटत राहिले. मला वाटलं, आता उत्तर जुळवत असतील. मागणी क्रमांक तीन वाचून झाली आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हा हुकूम आला, आणि तुमचा डोस झाला, म्हणजे मग मी घरी जायचं ना?" विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. दुपटं सारखं करत होते, आणि ते सारखंच होतं.

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके दिवस कशाची बेरीज करत होता.

मागणी क्रमांक तीन मी मागे घेत आहे. खोडत नाही, कारण कागद चांगला आहे. एक आणि दोन कायम आहेत. आणि मी व्याह्यांना काय सांगितलं तेही साहेबांनी वाचावं, कारण त्यातला एक भाग उद्या सकाळी आपल्या दारात येऊन उभा राहणार आहे. इस्त्रीवाल्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं :

"व्याहीबुवा, तुम्हाला त्या घड्याळाच्या घरी परत जायचं नाही. एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं. मी नाही म्हटलं असतं, तुम्ही दोन दिवस रुसला असता, तिसऱ्या दिवशी मी हो म्हटलं असतं, आणि काम झालं असतं. त्यासाठी माझा दंड साडेआठ महिने लांबवायची गरज नव्हती. वरची मागची खोली आजपासून तुमची, ती पिशवी माळ्यावर फेका, आणि परत कधी मला 'तुम्ही आलात की मी मोकळा' म्हणालात तर खरंच मोकळं करीन. उद्या सकाळी लसीकरण केंद्रावर माझ्या आधी जाऊन उभं राहायचं. ज्या हाताने दालनातल्या फळ्यावर बेरीज केलीत त्याच हाताने ती सगळ्यांसमोर पुसायची, आणि साहेबांना सांगायचं की रोपवाल्याला वगळा, मलाही वगळा, आणि नर्सबाईंना विचारा. आणि बोलणं नंतर, आधी पोरीच्या मानेखाली हात घ्या, झोपली आहे ती."